खाडाखोड नसलेलं जर्नल

"पण सर, यात नाही तरी काय?"

केतकी दुसाने विचारत होती. फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष. बारावीला तालुक्यात पहिली आलेली, आणि ते विसरायला अजून तयार नसलेली. समोर टेबलावर तिचं ॲनाटॉमीचं जर्नल होतं.

पावणेपाच वाजले होते. पाचला ऑफिस यादी लावणार. ज्याच्या जर्नलवर सही नाही, त्याला उद्या प्रॅक्टिकलला बसू देणार नाहीत. म्हणजे वर्ष गेलं.

गांगुर्डे सरांनी जर्नल जवळ ओढलं.

सरांना जन्मापासून दिसत नव्हतं. मी त्या विभागातला अटेंडंट. हाडांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे, आणि सह्यांच्या दिवशी सरांचं बोट कागदावर नेमक्या जागी ठेवायचं कामही माझंच. पोरांना वाटायचं, आंधळ्या माणसाला काय कळतंय, नेलं की झाली सही. माझं डोकं फिरायचं. पण बोलणार कोण?

आज सरांनी बोट ठेवू दिलं नाही. ते पान उलटायचे आणि पेनाच्या दाबानं उठलेल्या त्याच्या पाठीवरून हळूहळू अंगठा फिरवायचे. एक पान... दुसरं... पुढचं.

"सगळं आहे," ते म्हणाले. "खाडाखोड नाही."

"मग चांगलंच आहे की, सर."

"एवढी पानं लिहिलीस. एकदाही चुकली नाहीस?"

"मी फेअरच लिहिते."

"रफ कुठंय?"

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाकडे पाहिलं. जर्नल कसं भरतात हे आख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. सीनियरचं आणायचं, हॉस्टेलवर बसून छापायचं, चित्रं तेवढी रंगवायची. तिनंही तेच केलं होतं, फक्त सगळ्यांपेक्षा सुंदर अक्षरात.

"सर, तोंडी विचारा ना. पुस्तकातलं काहीही विचारा."

"गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं एक नस पावलाकडे जाते. सांग."

तिनं सांगितली. नाव, कुठून निघते, पिंडरीच्या बारीक हाडाच्या मानेला कसा वळसा घालते, पुढे तिच्या शाखा किती. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. हाच परिच्छेद मी सात बॅचच्या तोंडून ऐकला होता, त्याच शब्दांत.

सरांनी पँट गुडघ्याच्या वर सरकवली आणि पाय स्टुलावर ठेवला.

"दाब तिला. नेमकी दाबलीस तर माझ्या पावलात मुंग्या येतील. मी सांगेन."

केतकी वाकली. गुडघ्याखाली समोर जो उंचवटा असतो, तिथं तिनं बोट रोवलं.

"काही नाही," सर म्हणाले.

तिनं गुडघ्याच्या वाटीशेजारी दाबलं.

"काही नाही."

"सर, चित्रात इथंच आहे."

"चित्रात असेल."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ मिनिटं राहिली होती. बाहेर व्हरांड्यात यादी चिकटवायला टेप फाडल्याचा आवाज येत होता.

"सर, सही करा ना... मी नंतर शिकेन. शप्पथ."

"या नसेवर पट्टा घट्ट बांधला तर माणसाचं पाऊल लोंबकळतं. उचलत नाही त्याला. उद्या तू बांधशील तेव्हा तो माणूस काय म्हणेल? नंतर शिका, ताई?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, मला तिचा कळवळा आला. पोरगी गर्विष्ठ होती, पण आळशी नव्हती. माझ्या तोंडावर आलं होतं, सोडा ना सर या खेपेला. मी गिळून टाकलं.

सर पाय तसाच ठेवून बसले होते...

केतकीनं नाक पुसलं. जर्नल बाजूला सारलं आणि सरळ फरशीवर बसली. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर अंगठा ठेवला आणि वर वर येऊ लागली. मध्येच हाड मांसात हरवलं. ती पुन्हा घोट्यापासून निघाली. पुन्हा हरवलं. तिसऱ्यांदा ती थेट वर, गुडघ्याच्या बाजूला पोचली, तर तिथं सुपारीएवढं टणक काहीतरी हाताला लागलं. तिनं बोट त्याच्या जरा खाली, जरा मागे नेलं. एक दोरी बोटाखालून सरकल्यासारखी वाटली.

सरांचं पाऊल थरथरलं.

"आल्या," ते म्हणाले.

केतकी पेन घ्यायला धावली. शेवटचं कोरं पान उघडलं.

"आधी पहिली जागा लिही."

"सर, ती चुकलेली."

"तीच."

तिनं लिहिली. समोरचा उंचवटा. मग ती खोडली. वाटीशेजारची जागा लिहिली. तीही खोडली, इतकी रागानं की कागद फाटायचा राहिला. मग खाली तिसरी लिहिली. अक्षर अगदी कोंबडीचे पाय.

पाचला दोन मिनिटं कमी होती. मी सवयीप्रमाणे सरांचं बोट पहिल्या पानावरच्या छापील प्रमाणपत्रावर ठेवलं. त्यांनी ते उचललं, जर्नल उलटं केलं आणि शेवटच्या पानाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. खोडलेल्या जागी अंगठा थांबला. पुढे गेला, पुन्हा मागे आला. मग त्यांनी पान पलटून त्या खाडाखोडीच्याच खाली सही केली.

ऑफिस सही बघतं, पान बघत नाही. हे मला माहीत होतं, सरांनाही.

केतकीनं जर्नल छातीशी धरलं. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"सर... आणि आधीची पानं?"

सर पँट खाली ओढत होते.

"ती ज्याची आहेत, त्याला परत देऊन टाक."