तीन पायांचं जहाज

“ही धूळ कुठली म्हणायची?”

केरबा मास्तरांनी पहिला प्रश्न हा विचारला. जहाज छान झालंय, हात बसलाय, असलं काही नाही. थेट धूळ.

“दूरच्या ग्रहावरची,” उर्मिला म्हणाली. “पिवळा खडू आणि विटेची पूड. दोन्ही वस्त्रगाळ करून घेतली.”

“ग्रहाचं नाव?”

“नाव नाही दिलं.”

“मग दूरचा कशावरनं?”

उर्मिलेनं माझ्याकडं पाहिलं. मी ब्रश धुवायचं निमित्त काढलं. मास्तर कुणाची तपासणी करायला लागले की मी मध्ये पडत नाही. एकदा पडलो होतो, तेवढं पुरे झालं.

जहाज म्हणजे पाण्यातलं नव्हे. अंतराळातलं. हातभर लांब, प्लॅस्टिकचे पत्रे कापून, नळ्या जोडून, उर्मिला इंगवलेनं स्वतः घडवलेलं. बाजारात त्याचा संच मिळत नाही, चित्र मिळत नाही, काहीच मिळत नाही.

मास्तरांनी उभी हयात सिनेमाला छोटी गावं, छोटे किल्ले, छोट्या आगगाड्या करून देण्यात घालवली. पडद्यावर ती गावं जळाली, गाड्या दरीत पडल्या. आता ते पन्हाळ्याच्या पायथ्याला दोन खोल्यांत राहतात आणि आमच्यासारखी हौशी माणसं त्यांचं डोकं खायला जातात. आमच्यात एक रीत आहे. वार्निशचा शेवटचा हात मास्तरांनी ‘हं’ म्हटल्याशिवाय द्यायचा नाही. आणि ‘हं’ म्हणायला मास्तर महिना लावतात. सरळ उत्तर दिलं तर ह्या माणसाचे दात पडतात की काय, देव जाणे.

उर्मिला आमच्यात सगळ्यांत हुशार. तिला ते ठाऊकही होतं. त्या दिवशी ती विचारायला आली नव्हती, ‘हं’ घ्यायला आली होती. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात प्रदर्शन होतं.

मास्तरांनी भिंग लावलं.

“हे ओरखडे?”

“दगडांचे. वाटेत लागलेले.”

“आणि ही काजळी?”

“इंजिनाची. दिव्याची काजळी धरली आणि कापसानं मागं ओढली. रंग उडालाय ना, तिथं मीठ वापरलं. आधी काळपट रंग, त्यावर ओलं मीठ, वर करडा. वाळल्यावर मीठ झाडून टाकलं.”

“हं,” मास्तर म्हणाले.

उर्मिलेचा चेहरा खुलला. पण हा तो ‘हं’ नव्हता. हा नुसता श्वास होता. आम्हाला फरक कळतो.

“पाय तीनच?”

“चौथ्या पायाच्या जागी गव्हाण होती,” उर्मिला म्हणाली.

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं.

“धैर्यानं काढलंय हे. धैर्यशील, माझा धाकटा भाऊ. आमच्या गोठ्याच्या भिंतीवर, कोळशानं. तिसऱ्या पायापर्यंत आला आणि भिंत संपली, पुढं गव्हाण. आई दर दसऱ्याला चुना मारायची आणि हा परत काढायचा. परत तीनच पाय. मी म्हणायची, अरे दुसऱ्या भिंतीवर काढ, चौथा पाय मावेल. तर म्हणायचा, आता त्याला सवय झालीय.”

मला हसू आलं. तिलाही आलं असतं, पण ओठापर्यंत येऊन थांबलं.

“कुठं असतो आता?” मास्तरांनी विचारलं.

“माहीत नाही. एक दिवस सकाळी कामावर निघाला. येतो म्हणाला. भांडण नाही, तंटा नाही, डबासुद्धा घेऊन गेला. कुठं कुठं शोधलं नाही मास्तर. आई गेली वाट बघून. भाऊबीजेला शेजारच्या बायका म्हणतात, चंद्राला ओवाळ. ज्यांना भाऊ नाही त्या ओवाळतात चंद्राला. मी कशाला ओवाळू? मला भाऊ आहे.”

हे तिनं इतक्या ताठ आवाजात सांगितलं की खोलीत कुणाची ‘नाही’ म्हणायची प्राज्ञा नव्हती. दरवर्षी ताट करते आणि तसंच ठेवते, असं मागाहून कळलं. आम्हा लोकांना ती बक्षिसं मिळवणारी बाई म्हणूनच ठाऊक होती. माणूस शेजारी बसून पत्रे कापतो आणि त्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळत नाही, ह्याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

“उद्या पेपरवाले येणारेत,” ती म्हणाली. “फोटो छापणार. धैर्या असेल तिथं बघेल. माणसाला बहिणीचा चेहरा आठवणार नाही एखादे वेळी, पण हे जहाज तो ओळखेल. तीन पाय दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणारेत?”

“नाव काय दिलंस?”

“परत आलेलं जहाज.”

मास्तर उठले. जहाजाभोवती सावकाश फिरले. जहाजावर तिनं काचेची पेटी करून आणली होती, ती बाजूला काढून ठेवलेली. मास्तरांनी पेटीवर टिचकी मारली.

“ही कशाला?”

“धूळ बसू नये म्हणून.”

“आणि आत काय आहे?”

“आत… धूळ.”

मी हसलो. उर्मिलेनं असं पाहिलं की परत ब्रशांकडं वळलो. धुतलेलेच ब्रश पुन्हा धुतले.

“तसं नाही मास्तर. आतली मी लावलेली आहे. हिशेबानं. बाहेरची कशीही बसेल.”

मास्तर वाकले. जहाज एका लाकडी पाटावर उभं होतं आणि पाटावर माती पसरलेली. तांबडी, बारीक, मध्ये मुद्दाम ठेवलेले दोन-चार खडे. मास्तरांनी चिमूटभर उचलली, बोटांत चोळली, वास घेतला.

“ही त्या ग्रहावरची न्हाई. पोरी, जहाजावरची धूळ पिवळी. खालची माती तांबडी. कुठली ही?”

“…अंगणातली.”

“कुणाच्या?”

“आमच्या. तुळशीजवळची. चाळून घेतली.”

“म्हणजे जहाज तुमच्या दारात उतरलंय.”

“हो.”

“कधी?”

“आत्ताच. नुकतंच. म्हणून तर पायांवर सगळ्यांत जास्त धूळ ठेवली, बघा ना. तीन पायांचं काम मी शेवटी केलं. आठ दिवस त्याच्यातच गेले.”

मास्तरांनी मान हलवली. काम चांगलंच होतं. पायांवरची धूळ खाली दाट, वर विरळ, सांध्यांत साचलेली. बघितलं की वाटायचं, किती दमून आलंय हे. मला वाटलं, आता म्हणतील. आता ‘हं’ येणार.

मास्तर आतल्या खोलीत गेले. भांड्यांचा आवाज आला. परत आले ते तांब्या घेऊन. काठोकाठ भरलेला.

“घाल,” ते म्हणाले.

“काय?”

“पायावर पाणी. इतक्या लांबनं आलंय, दारात उभं हाय. तुमच्यात घालत न्हाईत?”

“घालतात, पण…”

“मग घाल की.”

“मास्तर, धूळ सुट्टी आहे अजून. वार्निश व्हायचंय. पाणी लागलं की सगळी वाहून जाईल.”

“जाणारच. त्याच्यासाठीच घालतात.”

चेष्टा करताहेत असं मला वाटलं. त्यांना ती खोड आहे. पण त्यांचा हात तसाच पुढं होता. तांब्या हलत नव्हता.

उर्मिलेनं तो घेतला. कामाचं वाईट वाटत असणार, मी मनाशी म्हटलं. एवढी मेहनत, उद्या प्रदर्शन, आणि ह्या म्हाताऱ्याला आज लहर आलीय. मी पुढं व्हायच्या बेतात होतो. रीत गेली खड्ड्यात.

तिनं तांब्या कलता केला. पाणी काठाशी आलं. आणि तिथंच थांबली.

थोडं पाणी तिच्याच मनगटावर सांडलं.

“मला नाही जमत,” ती म्हणाली.

“रंगाचं वाईट वाटतंय?”

“रंग मी परत लावीन. शंभरदा लावीन.”

“मग?”

“पाणी घातलं म्हणजे आला ना तो. मग वाट बघायचं संपलं. आणि घरी जाऊन बघते तर दार तसंच.” तिचा आवाज फुटला. “जहाज आलंय मास्तर. धैर्या नाही आला.”

रडणाऱ्या माणसाला ‘रडू नको’ म्हणणं मला कधी जमलेलं नाही, आणि तिला रडायचा हक्क होता. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती. बराच वेळ ओरडली.

मग उर्मिलेनं तांब्या खाली ठेवला. भरलेला, तसाच. पदरानं डोळे पुसले. पाटाला चिकटवलेली नावाची पट्टी नखानं उचकटली आणि पर्समध्ये टाकली.

“नाव नको,” ती म्हणाली. “नुसतं जहाज. चालेल ना?”

मास्तरांनी मान डोलावली.

“खोटं केलं का मी सगळं?”

“खोटं कुठं? धूळ खरी वाटतीय. मला तर पाय चेपून द्यावंसं वाटलं.”

ती थोडी हसली. मग नाक ओढून एकदम कामाला लागली. अशी बाई, रडणं झालं की लगेच पेटी आवरणार. तिनं पिशवीतून वार्निशची बाटली काढली, ब्रश काढला, झाकण फिरवायला घेतलं.

“मग आता शेवटचा हात देऊ ना? तुम्ही हं म्हणालात असं धरते. गाडीतनं न्यायचंय, रस्त्याला हे एवढाले खड्डे. धूळ पक्की नाही केली तर निम्मी वाटेतच झडेल. उरलेली कुणाचं बोट लागलं की जाईल.”

“आणि पक्की केली तर?”

“मग काही होत नाही. घासली तरी निघत नाही, धुतली तरी निघत नाही. जन्मभर तशीच.”

मास्तरांनी तिच्या हातातली बाटली घेतली. झाकण घट्ट फिरवलं आणि बाटली परत तिच्या पिशवीत ठेवली.

“मग तो आल्यावर काय धुशील, पोरी?”