म्हातारीनं अडवली वाट

एक होती म्हातारी. माणूस नव्हे, बरं का. उंच, काळा, सुरकुतलेला कडा होता तो, पण सगळे त्याला म्हातारीच म्हणायचे. तिच्या पायथ्याशी कातळवाडी गाव. पुढे नदी, मागे म्हातारी. ती कुणाला अंगावर चढू देत नसे.

त्या गावात भानुदासची नवी नवरी आली. तिचं नाव हौसा. बाप कड्यावरचा मध काढणारा, त्यामुळे हौसा चालायला आणि चढायला एकदमच शिकली होती. तिच्या रुखवतात करंज्यांच्या शेजारी काय होतं? घायपाताच्या दोराचं भलंमोठं वेटोळं! बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"दोर आला, म्हैस मागून येतेय वाटतं!"

सासूला मात्र हसू आलं नाही. तिनं ताटात तांदूळ पसरले, भानुदासच्या हातात अंगठी दिली आणि नवं नाव लिहून घेतलं. सुशीला. म्हणाली, "आजपासून हेच नाव. आणि आमच्यात सुना कडे चढत नसतात."

मग हौसाची सुशीला झाली. दोर माळ्यावर गेला. फक्त भानुदास, गोठ्यात म्हशीशिवाय कुणी नसलं की, हळूच "हौसा" म्हणायचा. म्हैस चांगली होती. तिनं कुणाला सांगितलं नाही.

मग एका श्रावणात पाऊस थांबेचना. नदीच्या खालच्या अंगाला दरड कोसळली आणि नदीची वाटच बुजली. पाणी जाणार कुठे? ते अंगणात आलं, मग चुलीत, मग उतरंडीतल्या गाडग्यांत. लोक पोरंबाळं घेऊन म्हातारीच्या पायाशी धावले. आता पुढे पाणी, मागे कडा.

हौसानं कासोटा घट्ट खोचला, घर सोडताना माळ्यावरून काढलेला दोर खांद्यावर घेतला.

"सुशीले, लोक काय म्हणतील?" सासू ओरडली.

"लोक बुडतायत, आत्याबाई," हौसा म्हणाली, आणि कड्याला लागली.

थोडी चढली, तर बोटं रोवायला खाचच मिळेना. आणि काय नवल! कडा बोलला.

"नवी सून ना गं तू? नाव घे, तर वाट देईन."

नणंदा दारात अडवतात ना, अगदी तशी. हौसानं खाली पाहिलं आणि म्हणाली,

"करवंदाच्या जाळीत बसला होला,
भानुदासराव खाली उभे, धोतराचा सोगा ओला."

म्हातारी खुदकन हसली. दगडात खाच पडली. हौसा चढली. मधल्या टप्प्यावर म्हातारीनं पुन्हा अडवलं.

"दुसरा उखाणा घे. शिळा नको."

"तव्यावरची भाकरी फुगते टम्म,
भानुदासराव कमरेइतके पाण्यात, किती धरू दम?"

म्हातारीनं आणखी खाचा दिल्या. आता माथा हाताला आलाच होता, तेवढ्यात तिसऱ्यांदा आवाज आला.

"नवऱ्याचं नाव दोनदा ऐकलं. आता तुझं घे."

हौसा गोंधळली. स्वतःच्या नावाचा उखाणा तिला कुणी शिकवलाच नव्हता.

"माझं नाव सुशीला," ती म्हणाली, आणि तिचा पाय सटकला!

"तांदळातलं नको," म्हातारी म्हणाली. "आई हाक मारायची ते सांग."

मग हौसानं कातळाला गाल टेकला, डोळे मिटले आणि म्हणाली,

"मोहोळात मध, मधात ऊन,
हौसा माझं नाव, मी कातळवाडीची सून."

"हे बरं झालं!" म्हातारी म्हणाली, आणि तिला वर घेतलं. हौसानं अंजनाच्या झाडाला दोर बांधला, खाली सोडला. तेव्हा म्हातारी गावाला म्हणाली, "पोरीला तिच्या नावानं हाक मारा. तर पायऱ्या देईन."

लोक एकमेकांकडे बघू लागले. तिचं नाव ठाऊक होतं कुणाला? भानुदास लाजत लाजत पुढे झाला आणि ओरडला, "हौसा!" कड्यातून पायरी निघाली. मग बायका ओरडल्या, बाप्ये ओरडले, चिल्लीपिल्ली तर सगळ्यांत जोरात. दोर धरून, पायऱ्या चढत, सगळं गाव वर गेलं.

खाली उरली एकटी सासू. पाणी छातीला लागलं.

"सुशीले, ओढ गं!"

पायरी निघेना.

"आत्याबाई, हौसा म्हणा!"

"नाव मी ठेवलंय. मी नाही बदलायची!"

अशी ही सासू, बरं का. पाणी गळ्याशी आलं, हनुवटीला लागलं. तेवढ्यात वरून कोण सरसर उतरलं? हौसाच. तिनं दोर सासूच्या कमरेला बांधला आणि म्हणाली, "नका म्हणू. तुमच्याबरोबर मीही इथंच थांबते."

सासूनं सुनेकडे पाहिलं. तिच्या सोललेल्या हातांकडे पाहिलं. आणि इतक्या हळू म्हणाली, की फक्त म्हातारीलाच ऐकू यावं,

"चल गं, हौसा."

कड्यातून अशी रुंद पायरी निघाली, की दोघी शेजारी शेजारी मावल्या.

मग पाण्यानं दरड फोडली, नदी आपल्या वाटेनं गेली. गावानं घरं सारवली, चुली पेटवल्या, भाकरी फुगल्या. दोर देवळीशेजारी खुंटीवर आला. सासू आता हौसाच म्हणते. पाहुणे आले की तेवढी सुशीला. आणि कातळवाडीत ताटात तांदूळ पसरले की आधी नवरीला विचारतात, "बाई, काय लिहू?"

झालं. आता पाय पांघरुणात घ्या, आणि आपापलं नाव मनातल्या मनात एकदा म्हणा. सकाळी हाक मारली, की ओ द्यायला बरं.