टाळीत बुडालेला प्रश्न

एकदा एक वृद्ध नट आपलं सर्वांत गाजलेलं वाक्य रंगमंचावर गाळू लागला. पहिल्यांदा गाळलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, वय झालंय, विसरले असतील. दुसऱ्यांदा गाळलं तेव्हा विंगेत कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या प्रयोगालाही तेच झालं आणि नाटकाच्या निर्मात्याचा चेहरा उतरला.

हा नट कधीच नायक नव्हता. ऐन अठ्ठाविसाव्या वर्षी डोक्यावरचे केस गेले आणि तेव्हापासून तो इतरांचा बाप झाला. चव्वेचाळीस वर्षं त्याने बाप, सासरे, न्यायाधीश, मुनीम, खाष्ट हेडमास्तर असं जे पुढ्यात येईल ते केलं. रस्त्यात लोक थांबवत, "तुम्ही ते ना... ते हो, त्या नाटकातले..." म्हणत, आणि नाव काही त्यांना आठवत नसे. "तोच मी," असं म्हणून तो पुढे जाई. अशी माणसं प्रत्येक व्यवसायात असतात. त्यांच्या आधाराने इतरांची नावं मोठी होतात, आणि आपण ते सोयीस्करपणे विसरतो.

उतारवयात मात्र त्याला एक भूमिका लाभली होती. तीन मुलगे बापासमोर इस्टेटीची वाटणी करत बसले आहेत. बाप कोपऱ्यात गप्प. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो उठतो आणि म्हणतो, "इस्टेटीचे तीन वाटे केलेत. आता बापाचे किती करणार?" त्याबरोबर टाळ्यांचा कडकडाट होई आणि त्या कडकडाटातच पडदा पडे. पडदा टाळीवरच पडला पाहिजे, असा दिग्दर्शकाचा दंडक होता. सहा वर्षं हे वाक्य ऐकायला माणसं येत होती.

आणि आता तो ते वाक्यच म्हणेना. नुसता उभा राही, मुलांकडे बघे आणि पुन्हा खाली बसे.

निर्मात्याने वृद्ध नटाच्या शिष्याला बोलावून घेतलं. हा शिष्य छत्तिशीचा होता. दहा वर्षं त्याने पोस्टमन आणि हवालदार यांपलीकडे काही केलं नव्हतं, पण गुरूची भूमिका त्याला अक्षरशः पाठ होती.

"काकांची आठवण गेली का, एवढंच मला खरं सांग," निर्माता म्हणाला. "गेली असेल तर रविवारपासून तू उभा राहा. मला टाळी पाहिजे, बाकी काही नको."

शिष्याला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाजही वाटली. त्याच दुपारी तो गुरूच्या घरी गेला. दोन खोल्यांच्या त्या घरात वृद्ध नट एकटाच मटार सोलत बसला होता. बायको जाऊन त्याला नऊ वर्षं झाली होती.

"काका, रागावू नका, पण ते वाक्य विसरता का हो तुम्ही?"

"झोपेतून उठवलंस तरी म्हणेन."

"मग म्हणत का नाही?"

वृद्धाने शेंगा बाजूला सारल्या. "आपल्या नाटकात धाकट्या सुनेचं काम कोण करतं?"

"शालन बिडकर."

"माझ्या वाक्यानंतर ती काय म्हणते, सांग बघू."

शिष्य गोंधळला. त्याला गुरूची सगळी वाक्यं येत होती, हे मात्र येईना.

"तुझं सोड. सहा वर्षं तिच्यासमोर उभा असून मलाही येत नव्हतं. तिचे ओठ हलताना दिसायचे, पण टाळ्यांत ऐकू काय येणार? तालमीत ऐकलं असेल कधी, पण तेव्हा मी टाळीच्याच विचारात. मग उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावी दुपारचा प्रयोग लागला. थिएटरात सत्तर-ऐंशी माणसं, त्यातली निम्मी पेंगलेली. मी वाक्य म्हटलं आणि टाळी आलीच नाही. त्या शांततेत शालन म्हणाली, 'मामंजी, जेवलात का?'"

चष्मा काढून त्याने धोतराच्या सोग्याला पुसला.

"पडदा पडला तरी मला हलता येईना. तिला विचारलं, 'अगं, हे तू रोज म्हणतेस?' तर म्हणाली, 'लिहिलंय म्हणून म्हणते.' सहा वर्षं रे! मी घरी येतो, कुलूप काढतो, एकटा जेवतो, आणि मला कुणी विचारत नाही म्हणून कुढतो. आणि तिथे एक पोरगी मला रोज विचारत होती. माझ्याच टाळीने मला ते ऐकू दिलं नाही. तिचं वाक्य लोकांना ऐकू जावं म्हणून मी तिच्यावर उपकार करत नाहीये. मला ते ऐकायचंय, म्हणून मी वाक्य गाळतो."

"पण मग भूमिका जाईल, काका."

"जाऊ दे. मी दमलोय. तू कर."

"मी ते वाक्य म्हणू की गाळू?"

"म्हण. तुझी टाळीची भूक अजून भागायचीय. माझ्या सांगण्याने ती थोडीच भागणार आहे?" असं म्हणून त्याने पुन्हा शेंगा पुढे ओढल्या.

शिष्याने निर्मात्याला खरं ते सांगितलं : काकांची आठवण शाबूत आहे, पण ते वाक्य म्हणणार नाहीत. निर्मात्याला एवढं पुरलं.

रविवारी नाट्यगृह भरलेलं होतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी शिष्य उठला आणि त्याने ते वाक्य म्हटलं. दहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो कडकडाट त्याच्या अंगावर आला, आणि तो त्याला आवडला, अतिशय आवडला. पडदा सरकू लागला. तेवढ्यात त्याला शालनचे ओठ हलताना दिसले.

त्याने विंगेकडे हात उंचावला. पडदा ओढणाऱ्याला वाटलं, काही नवीन बसवलं असेल. पडदा अर्ध्यावर थांबला. टाळ्या हळूहळू ओसरल्या, सगळं शांत झालं, आणि मग शिष्य तिच्याकडे वळून म्हणाला, "काय म्हणालीस, सूनबाई?"

हे नाटकात नव्हतं. शालन क्षणभर बावरली. मग तिने विचारलं, आणि या वेळी ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं : "मामंजी, जेवलात का?"

शिष्याला उत्तर माहीत नव्हतं, कारण नाटककाराने ते लिहिलंच नव्हतं. तेव्हा प्रेक्षागृहाच्या अगदी मागून एक थकलेला आवाज आला.

"नाही गं पोरी. अजून नाही."

चव्वेचाळीस वर्षांत नाटकात पदरचा एक शब्द न बोललेल्या माणसाचा तो आवाज शिष्याने ओळखला, शालननेही ओळखला. पडदा पडला तेव्हा टाळी कुणीच वाजवली नाही, आणि निर्मात्यानेही कारण विचारलं नाही.

ही गोष्ट सांगणारा मीही इतकी वर्षं व्याख्यानं देत, टाळ्या घेत हिंडतो आहे. घरी परतल्यावर कोण काय विचारत असे, ते मला आता आठवून पाहावं लागतं आहे.