जाखाईची पालखी खाडी ओलांडते

एकदा काय झालं, खाडीकाठी एक गाव होतं. गावाची देवी जाखाई. शिमग्याला ती पालखीत बसायची आणि घरोघर जायची. लेकीला भेटायला आई येते ना, तशी. बायका अंगण सारवायच्या, देवीची ओटी भरायच्या.

खाडीपलीकडे एकच घर होतं, सोनाबाईचं. तिकडे मात्र पालखी जात नसे. फार पूर्वी तिकडे जाताना होडी उलटली आणि पालखीचे मानकरी बुडाले. त्यांचा मुलगा दौलतराव मानकरी झाला, तेव्हा त्याने ती वाटच बंद केली. मग सोनाबाईच दरवर्षी अलीकडे येऊन ओटी भरायची.

त्या वर्षी तिचा पाय मोडला. तिने निरोप धाडला, "आईला एकदा माझ्या दारी आणा."

दौलतराव म्हणाले, "पालखी पाण्यात जायची नाही."

मग गावातली सगळी घरं झाली. पालखी देवळाकडे न्यायची, तर ती हलेना. चौघांनी उचलून पाहिली, हलेना. आठ जण लागले, हलेना. सगळा गाव लागला, तरी जागची हलेना, बरं का.

मग गुरवाने कौल लावला. म्हणजे देवीला दोन बाजूंना फुलं लावली. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही.

"आई, पूजेत काही चुकलं?" डावं पडलं.

"नैवेद्यात कमी पडलं?" पुन्हा डावं.

"सोनाबाईकडे जायचंय?" उजवं फूल टपकन पडलं.

दौलतरावांनी पाण्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आई, मला भीती वाटते गं." आणि पुढचा दांडा त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला. पालखी अलगद उचलली गेली.

भरतीची वेळ होती हो. पण दौलतराव पाऊल टाकतील तिथे वाळू वर यायची. पाणी घोट्याच्या वर चढलंच नाही. ढोल वाजवत सगळे पार झाले.

सोनाबाईला उठता येईना. मग पालखीच तिच्या उंबऱ्याशी टेकवली. तिने खण, नारळ, तांदूळ घालून ओटी भरली. मग म्हणाली, "दौलतदादा, तुमचे वडील माझ्याच दारी यायला निघाले होते. मी त्यांच्यासाठी रोज हात जोडते."

दौलतराव खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "सोनाबाई, आता दरवर्षी येऊ."

आणि दरवर्षी गेले. सोनाबाईचा पाय बरा झाला, तरी गेले. सगळा गाव सुखाने नांदला. चला बाळांनो, जाखाई आपल्या गाभाऱ्यात निजली, तुम्हीही कुशीवर वळा.