पुलाखाली उभे राहण्याचा मान

वैद्य चूर्ण द्रवात तरंगते ठेवतो, स्थापत्यकार पूल तारांवर टांगतो आणि प्रशासन माणसाला अधांतरी ठेवते. यांपैकी शेवटच्या दोन कला एका संस्थानात एकाच दिवशी समोरासमोर आल्या.

झुलता पूल पुरा होताच दिवाण भास्करराव यांनी, श्रेय आपल्याला मिळावे म्हणून, अभियंता विसाजीपंतांना किरकोळ कारणावरून निलंबित केले आणि पुलाचा कार्यभार स्वतःकडे घेतला.

"निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, पंत," ते म्हणाले. "चौकशी होईपर्यंत विश्रांती समजा."

उद्घाटनाला हत्ती सजवून आणला गेला. पहिला हत्ती पुलावरून जाताना कामाच्या प्रमुखाने पुलाखाली उभे राहावे, असा संस्थानाचा रिवाज होता. महाराजांनी पंतांकडे पाहिले.

"मी विश्रांतीवर आहे, महाराज," पंत नम्रपणे म्हणाले. "पुलाचे प्रमुख आता दिवाणसाहेब. खाली उभे राहण्याचा मान त्यांचा."

दिवाणांनी तारांकडे पाहिले, मग हत्तीकडे.

"चौकशी पूर्ण झाली आहे. पंत निर्दोष आहेत. पूल त्यांचाच."

"केव्हा पूर्ण झाली?" महाराजांनी विचारले.

"आत्ताच, महाराज."

पंत पुलाखाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी माहुताला पुढे येण्याची खूण केली.