धुळीच्या पट्ट्याअलीकडे

माणसं नुकती कुठे ताऱ्यांकडे निघू लागली होती, त्या जुन्या काळी रेवती नावाचं एक संथ यान होतं. तिच्या पोटात माणसांच्या तीन पिढ्या जन्मल्या, तरी तारा अजून दूरच होता.

एके दिवशी मागून चपळा नावाचं नवं यान आलं. तिला निघून जेमतेम चार वर्षं झाली होती.

"आजी, तुम्ही पोहोचाल तेव्हा माझी माणसं तिथं घरं बांधून बसलेली असतील," ती हसत म्हणाली.

रेवतीच्या मनाला ते फार लागलं. आपल्या पोटात आयुष्य काढून गेलेल्यांनी मग मिळवलं काय? पुढे धुळीचा पट्टा आहे, हे तिला दिसत होतं; वेगाच्या नादात असलेल्या चपळेला मात्र नाही. गप्प राहावं, असं क्षणभर तिला वाटलंही.

"पोरी, वेग कमी कर," अखेर ती म्हणाली. "पुढे धूळ आहे. मला ती नुसती खरवडेल. तुझ्या वेगामुळे एकेक कण गोळीसारखा तुझ्या आरपार जाईल."

चपळा घाबरली. "पण एकदा हळू झाले, की पुन्हा वेग घ्यायला इंधन नाही. आणि अन्न दहाच वर्षांचं आहे."

"माझ्याकडे माती आहे, बियाणं आहे. माझी माणसं शिकवतील. पण तू ज्यांना घेऊन निघालीस, ते पोहोचणार नाहीत. त्यांची नातवंडं पोहोचतील."

चपळेनं आपल्या माणसांना विचारलं आणि वेग उतरवला.

दोन्ही यानं एकमेकांना जोडली गेली, दारं उघडली. चपळेतली एक बाई मातीची पाटी घ्यायला पुढे झाली आणि रेवतीतल्या म्हाताऱ्याला तिनं विचारलं, "बी किती खोल पेरायचं?"