पासवर्डचं पाकीट

"पण बाई, मला भीती वाटत नाही, हा काय दोष झाला?"

मकरंद वणकुद्रे असं म्हणाला आणि खुर्चीत रेलून बसला. हळबेबाई चष्मा पुसत राहिल्या.

आमच्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीच्या सर्व्हरची तेवीस वर्षं राखण केली ती या बाईंनी. कोणाचा रक्तगट कोणता, कोणती पिशवी कोणाला गेली, सगळं त्या एका डेटाबेसमध्ये. बाई उद्या निवृत्त व्हायच्या होत्या, आणि त्यांच्या जागी मकरंद बसणार होता. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, पाकीट टेबलावर, आणि मकरंदची नजर पाकिटावर.

आता मी तिथे कशाला, म्हणाल. मी आपली पिशव्यांच्या नोंदी ठेवणारी. पण बाईंची एक पद्धत होती. डेटात काही बदलायचं असलं की कमांड आधी कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायची, मगच बटण दाबायचं. ऐकणारी मी. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचता वाचता बाईच अडखळायच्या आणि आपली चूक आपण दुरुस्त करायच्या.

मकरंदला याचं हसू यायचं. दर गुरुवारी बाई बॅकअप जुन्या मशीनवर उतरवून तपासायच्या, त्याचंही यायचं. हुशार होता, नाही कोण म्हणतं? पण तोरा असा, की चहा प्यायला तरी चहावर उपकार केल्यासारखा.

"फायरवॉल मी लावली," तो म्हणाला. "जुने पासवर्ड बदलले, नको ती खाती बंद केली. बाहेरचं चिटपाखरू आत येणार नाही."

"आणि आतलं?"

"आत कोण आहे, बाई? मीच तर."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

मग त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट केलं. "एक दुरुस्ती कर. अलका बिरनाळे. रक्तगट चुकलाय, एबी पॉझिटिव्ह हवा."

"एवढंच?"

"विमलला वाचून दाखव."

"दोन ओळींचं काय वाचायचं, बाई!"

त्याने भराभर दोन ओळी लिहिल्या. पहिलीत काय बदलायचं ते, दुसरीत कोणाचं ते. माऊसने निवडताना फक्त पहिली ओळ निवडली गेली, आणि त्याने बटण दाबलं.

स्क्रीनवर आकडा आला. चार लाख बारा हजार नोंदी बदलल्या.

"बाई..."

"ऐकतेय."

"सगळे... सगळेच एबी पॉझिटिव्ह झाले."

वर तिसऱ्या मजल्यावर माझी जाऊ ऑपरेशनच्या टेबलावर होती, आणि तिचा गट ओ निगेटिव्ह. पिशवी देण्याआधी रक्त जुळवून बघतात, हे मला माहीत आहे. पण घाई असली की माणूस स्क्रीनवर दिसेल ते खरं मानतो, हेही मी इतकी वर्षं पाहिलंय.

मकरंदचा चेहरा पांढराफटक. "बॅकअप आहे... अर्ध्या तासात सगळं परत आणतो..."

"तोवर?"

तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "कोणी काय बदललं, याची नोंद इथेच राहते ना? ती... ती पुसता येते मला."

"येते," बाई म्हणाल्या. "तुला सगळंच येतं."

त्याचा हात माऊसवर गेला. एकदा त्याने दाराकडे पाहिलं. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, अडवा त्याला! पण बाई तर हाताची घडी घालून बसलेल्या.

...

त्याने माऊस सोडला आणि फोन उचलला.

"नलवडे, मकरंद बोलतोय. एकही पिशवी देऊ नका! रक्तगट चुकलेत, सगळ्यांचे. माझ्या हातून झालंय, माझं नाव लिहून ठेवा. कागद काढा, कागदावरून बघा!"

वरच्या काउंटरवरून नलवड्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "अहो, इथे सगळं बरोबर दिसतंय की. तुमची तब्येत बरी आहे ना?"

मकरंदने फोन ठेवला. तेव्हा कुठे त्याने स्क्रीनच्या माथ्यावर पाहिलं. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'गुरुवारची नक्कल'. म्हणजे हे बॅकअप तपासायचं जुनं मशीन, खऱ्या नोंदींना धक्काही लागला नव्हता. तो बसला तेव्हापासून ते तिथेच होतं.

"अहो बाई," मीच आधी भडकले, "माझा जीव गेला असता की!"

"चुकले, विमल," बाई म्हणाल्या. "तुला आधी सांगायला हवं होतं."

मकरंद खाली फरशीवरच बसला होता. बाई उठल्या, त्यांनी टेबलावरचं पाकीट घेतलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"नको, बाई."

"का?"

"बघा ना... हात थरथरतोय."

बाईंनी वाकून पाकीट त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं.

"थरथरायचा थांबला, की परत आणून दे."